कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध समन्वय गट: नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी

नवऱ्याच्या मारहाणीतून सुटू पाहणारी बाई मदतीसाठी एकाच दारात जात नाही. आधी दवाखान्यात जाते आणि जिन्यावरून पडल्याचं सांगते. काही महिन्यांनी एका रात्री पोलिसांना फोन करते. तक्रार लिहून देते आणि आठवड्याभरात मागे घेते, कारण घराचं भाडं तोच भरतो. मग मुलाच्या शाळेतून बोलावणं येतं, मूल वर्गात कोणाशी बोलत नाही म्हणून. पुढे वकील, न्यायालय, कधी निवारागृह. प्रत्येक ठिकाणी तिला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. प्रत्येक ठिकाणी तिच्या हकिकतीचा एक तुकडा नोंदवला जातो, आणि सगळे तुकडे शेजारी ठेवून पाहणारं कोणीच नसतं. ही कार्यालयं एकमेकांशी बोलत नाहीत, हे मारणाऱ्याला मात्र चांगलं ठाऊक असतं.

समन्वय गटाचं काम इथे सुरू होतं. महिला संघटना, पोलीस, दवाखाने, न्यायालयात काम करणारे लोक, शाळा, निवारागृहं, वस्तीतले कार्यकर्ते यांनी एकत्र यायचं आणि आपापल्या कामाची पद्धत अशी बदलायची, की सुरक्षित राहण्याचा सगळा भार एकट्या बाईवर पडू नये. यातलं पद्धत बदलणं हेच खरं काम आहे. दर महिन्याला बैठक घेणारे, जनजागृतीची फेरी काढणारे, पण पोलिसांच्या नोंदवहीतला एक रकानाही न बदलणारे गट पुष्कळ असतात. तसा गट चालवायचा असेल तर मार्गदर्शनाची गरज नाही. दुसऱ्या प्रकारचा उभा करायचा असेल, तर पुढचं वाचा.

या पद्धतीचा सगळ्यात जास्त चर्चा झालेला नमुना अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या डुलुथ शहराचा. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला एलन पेन्स, मायकेल पेमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे पोलीस, सरकारी वकील, न्यायालय, तुरुंग, निवारागृह यांना एकत्र आणलं. निवारागृहं त्याआधीही होती. लंडनच्या चिझिक भागात १९७१ मध्ये असं घर सुरू झालं होतं. डुलुथमध्ये दोन गोष्टी नव्या होत्या. प्रत्येक यंत्रणेने कोणत्या वेळी काय करायचं हे लेखी ठरलं, आणि ते पाळलं जातं की नाही हे पाहण्याचं काम यंत्रणेबाहेरच्या, बायकांच्या बाजूने उभ्या असलेल्या संस्थेकडे राहिलं. मुंबईत १९८४ मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने पोलिसांबरोबर महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला आणि प्रशिक्षित सामाजिक कार्यकर्त्या पोलीस यंत्रणेच्या आत बसून काम करू लागल्या. वाट वेगळी होती, पण बाईला दारोदार फिरावं लागू नये हा विचार तोच होता.

पुढे मी बहुतेक ठिकाणी "ती" म्हणणार आहे. पुरुषांवर, वृद्धांवर, समलिंगी जोडीदारांवरही घरात हिंसा होते आणि गटाची दारं त्यांनाही उघडी असायला हवीत. पण जोडीदाराकडून वारंवार होणारी, जीव घेण्यापर्यंत जाणारी हिंसा सगळ्यात जास्त बायकांच्या वाट्याला येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार, कधी ना कधी जोडीदार असलेल्या १५ ते ४९ वयोगटातल्या बायकांपैकी सुमारे २७ टक्के बायकांनी जोडीदाराकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसली आहे. म्हणजे तुमच्या पहिल्या बैठकीत जे लोक बसलेले असतील, त्यांच्यातही ती सोसलेली कोणीतरी असण्याची शक्यता मोठी आहे. बोलताना याचं भान ठेवा.

पहिली पायरी: हिंसा म्हणजे काय, यावर एकमत करा

हे सगळ्यांना माहीतच आहे असं धरून चालू नका. पोलिसाच्या लेखी हिंसा म्हणजे आज रात्रीची मारहाण. डॉक्टरच्या लेखी मोडलेलं मनगट. न्यायालयाच्या लेखी अर्जात लिहिलेली घटना. तिच्यासाठी मात्र हिंसा म्हणजे रोजचं जगणं. फोन कोणाचा आला, पगार कुठे गेला, आईकडे का गेलीस, मुलं माझ्याजवळ ठेवून घेईन, कोण तुझ्यावर विश्वास ठेवणार. मारहाण कधीतरी होते. भीती सतत असते.

डुलुथच्या कार्यकर्त्यांनी १९८४ मध्ये मार खाल्लेल्या बायकांशी बोलून सत्ता आणि नियंत्रणाचं चक्र तयार केलं. धमकावणं, एकटं पाडणं, पैसे अडवणं, मुलांना हत्यार करणं, घडलेलं नाकारणं असे त्याचे आरे आहेत आणि शारीरिक व लैंगिक हिंसा ही बाहेरची धाव. कायद्याला हे समजायला बराच वेळ लागला. इंग्लंड आणि वेल्समध्ये जोडीदारावर असं सततचं नियंत्रण ठेवणं हा स्वतंत्र गुन्हा ठरला तो २०१५ मध्ये.

हे एकमत का लागतं? ते नसलं की प्रत्येक सदस्य वेगळ्या प्रश्नाचं उत्तर शोधत बसतो. एकाला नवऱ्याची दारू सोडवायची असते, दुसऱ्याला दोघांचा राग आवरायला शिकवायचा असतो, तिसऱ्याला संसार वाचवायचा असतो. आणि "ती सोडून का जात नाही" हा प्रश्न कोणीतरी विचारतोच. त्याचं उत्तर गटातल्या प्रत्येकाला तोंडपाठ हवं: सोडून जाण्याचा काळ हाच बहुधा सर्वांत धोक्याचा असतो. हातातून निसटते आहे असं दिसलं की नियंत्रण करणारा अधिक हिंसक होतो. म्हणून घर सोडण्याचा सल्ला देणं सोपं आहे. त्या दिवशी, त्याच्या आधीच्या आठवड्यात आणि नंतरच्या काही महिन्यांत तिच्याबरोबर कोण असेल, हे ठरवणं कठीण. गट हवा तो त्यासाठी.

दुसरी पायरी: कोणाला आणि कोणत्या क्रमाने बोलवायचं

बहुतेक जण सुरुवात वरून करतात. मोठ्या अधिकाऱ्याला अध्यक्ष करतात, मग बाकीच्यांना पत्रं जातात. उद्घाटनाला गर्दी होते, तिसऱ्या बैठकीला प्रतिनिधीचा प्रतिनिधी येतो. माझा आग्रह उलट क्रमाचा आहे. आधी अशा बायकांबरोबर रोज काम करणाऱ्या दोन-तीन संस्था आणि हिंसेतून बाहेर पडलेल्या काही बायका एकत्र बसा. आपल्या भागात नेमकं काय अडतं याची कच्ची यादी करा. ती यादी हातात घेऊन पोलिसांकडे, दवाखान्याकडे, न्यायालयाकडे जा. "आमच्या समितीत या" असं सांगण्यापेक्षा "रात्री तक्रार द्यायला आलेल्या बाईला सकाळी या असं सांगितलं जातं, हे कसं थांबवता येईल" असं विचारलं, तर काम करणारा माणूस पुढे येतो.

प्रत्येक यंत्रणेतून दोन प्रकारची माणसं लागतात: निर्णय घेऊ शकणारा, आणि प्रत्यक्ष बाईसमोर बसणारा. नुसता वरिष्ठ असला तर कागदावर सगळं छान दिसतं. नुसता हवालदार किंवा परिचारिका असली तर अडचण कळते, पण बदलता काहीच येत नाही.

ज्यांनी हे भोगलं आहे अशा बायका गटात असाव्यात, हे सगळे तोंडाने मान्य करतात. प्रत्यक्षात एखाद्या बाईला कार्यक्रमात बोलावून तिची कहाणी ऐकतात, टाळ्या वाजवतात आणि निर्णय तिच्या मागे घेतात. असं करायचं असेल तर तिला बोलावूच नका. एकीऐवजी निदान तिघी-चौघी असू द्या, म्हणजे एकीवर सगळ्यांच्या वतीने बोलायची वेळ येणार नाही. बाकीचे सदस्य पगारी वेळेत येतात, तर तिलाही तिच्या वेळेचे पैसे आणि प्रवासखर्च मिळायला हवा. बैठकीत कोणता पोलीस किंवा वकील येणार आहे हे तिला आधी कळलं पाहिजे, कारण त्यांच्यापैकीच कोणी तिची केस हाताळलेली असू शकते.

अमेरिकेतल्या अशा समन्वय गटांचा, म्हणजे तिथल्या परिषदांचा, अभ्यास करणाऱ्या संशोधक निकोल ॲलन यांना असं आढळलं, की परिणामकारक वाटणाऱ्या परिषदांमध्ये नेतृत्व सक्षम होतं आणि निर्णयात सगळ्यांना खरा वाटा होता. खोलीत गणवेश आणि काळा कोट असला की कार्यकर्तीचा आवाज आपोआप खाली जातो. म्हणून अध्यक्षपद फिरतं ठेवा, विषयपत्रिका महिला संघटनेने ठरवावी, आणि "सर काय म्हणतात" ऐकण्याआधी इतरांना बोलू द्या.

तिसरी पायरी: तिचा रस्ता चालून पाहा

नव्या गटाला एकच काम करता येणार असेल, तर ते हे करावं. एलन पेन्स यांनी पुढे सुरक्षितता आणि उत्तरदायित्वाची तपासणी नावाची पद्धत विकसित केली. तिच्यामागचा विचार असा: माणसं वाईट आहेत का हे शोधू नका, यंत्रणेची रचना माणसांना काय करायला लावते ते शोधा.

एक काल्पनिक केस घ्या आणि रात्री अकराच्या फोनपासून सुरुवात करा. फोन उचलणाऱ्याच्या समोरच्या पडद्यावर कोणते रकाने आहेत? हत्यार आहे का, मुलं घरात आहेत का, याआधी फोन आला होता का, हे विचारायला जागा आहे का? नसेल तर घटनास्थळी जाणारा शिपाई काहीही माहिती नसताना दार ठोठावणार. तो तिथे पोचल्यावर दोघांशी वेगळं बोलतो, की नवऱ्यासमोरच तिला "काय झालं" विचारतो? जबाबात काय लिहितो? "घरगुती भांडण, समज दिली" असे चार शब्द लिहिले, तर सहा महिन्यांनी सरकारी वकिलाच्या हातात तेच चार शब्द पडतात. तिच्या मानेवर बोटांचे वळ होते, मूल पलंगाखाली लपलं होतं, दाराची कडी तुटली होती, हे सगळं त्या रात्री होतं आणि कागदावर आलंच नाही.

म्हणून कागद मागा. कोरे फॉर्म, नोंदवहीचे नमुने, नाव-पत्ता झाकलेले जुने जबाब. पंधरा-वीस जबाब सगळ्यांनी मिळून वाचले, तरी आपल्या भागात काय सुटतं ते लख्ख दिसतं. मग प्रत्यक्ष जागा बघा. न्यायालयाच्या वऱ्हांड्यात ती आणि तो एकाच बाकावर बसतात का? दवाखान्यात तिच्याशी एकटीशी बोलायला दार बंद होणारी खोली आहे का? तिची भाषा वेगळी असेल तर दुभाष्या कोण? नवरा किंवा मूल दुभाष्या म्हणून चालत नाही, हे उघड असूनही जागोजागी तेच होतं. मुलांची भेट ठरली की ती कुठे द्यायची-घ्यायची? तिच्या नव्या घराच्या दारात भेट घडवणारा आदेश म्हणजे त्याला पत्ता देणंच आहे.

या वेळी एक जुनी चूक हमखास सापडते. दोघांच्याही अंगावर ओरखडे दिसले की दोघांवरही गुन्हा नोंदवतात. तिने सुटण्यासाठी चावा घेतला असेल, नखं मारली असतील. कोणी कोणाला मारलं याबरोबरच कोण कोणाला घाबरतं, कोणाच्या जखमा बचावाच्या आहेत, आधीचा इतिहास काय, हे विचारायची सवय पोलिसांना लावावी लागते. नाहीतर एकदा आरोपी झालेली बाई पुन्हा फोन करत नाही.

सापडलेल्या प्रत्येक फटीपुढे तीन गोष्टी लिहा: काय बदलायचं, कोण बदलणार, कधीपर्यंत. यादी लांब होईल. त्यातल्या दोन-तीन गोष्टी निवडा, ज्या पैशाशिवाय आणि वरच्या मंजुरीशिवाय उद्या होऊ शकतात. फॉर्ममध्ये एक प्रश्न वाढवणं, न्यायालयात वेगळी बसायची जागा, रात्रीच्या पाळीला कार्यकर्तीचा नंबर भिंतीवर. छोट्या बदलांनी माणसांचा एकमेकांवर विश्वास बसतो आणि पुढची कठीण कामं त्या विश्वासावरच होतात.

चौथी पायरी: लेखी ठरवा

इथे फार सांगण्यासारखं नाही, पण हे टाळू नका. आज चांगला अधिकारी आहे म्हणून सगळं तोंडी चाललं आहे, उद्या त्याची बदली झाली की सगळं शून्यावर. प्रत्येक यंत्रणेशी लेखी करार करा: काय करणार, किती वेळात करणार, कोणाला कळवणार, नाही केलं तर कोणाकडे बोलायचं. नव्याने रुजू होणाऱ्याला हा कागद आणि अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण मिळेल याची जबाबदारी नावानिशी एकावर टाका.

पत्ता देऊन पाठवून देणं म्हणजे मदत नव्हे, हेही त्यात लिहा. दवाखान्यातून तिला "तिथे जा" असं सांगितलं तर ती बहुधा जात नाही. परिचारिकेने तिच्यासमोर कार्यकर्तीला फोन लावून, नाव सांगून, दोघींचं बोलणं करून दिलं, तर जाण्याची शक्यता वाढते. फरक पाच मिनिटांचा आहे.

पाचवी पायरी: तिची माहिती तिची आहे

गट एकत्र आला की माहिती वाटून घेण्याचा मोह होतो. हेतू चांगला असतो, पण त्यातून तिचा जीव जाऊ शकतो. शाळेतल्या शिक्षिकेला निवारागृहाचा पत्ता कळला, ती सहज बोलून गेली, ऐकणारा नवऱ्याचा मित्र निघाला. कोणाचाही वाईट हेतू नव्हता.

त्यामुळे नियम कडक ठेवा. बैठकीत केसवर चर्चा करताना नाव नको, गल्ली नको, नोकरीचं ठिकाण नको. छोट्या वस्तीत तर "तीन मुली असलेली शिक्षिका" एवढ्यावरही ओळख पटते. एका यंत्रणेने दुसरीला तिची माहिती द्यायची असेल तर तिची लेखी संमती घ्या. कोणती माहिती, कोणाला, कशासाठी आणि किती दिवसांपुरती, हे त्यात स्पष्ट हवं, आणि ती केव्हाही मागे घेता आली पाहिजे. मदत हवी तर सही कर, अशी अट घातली तर ती संमती राहत नाही. अमेरिकेत सरकारी निधीवर चालणाऱ्या पीडित-सेवा संस्थांना बाईच्या लेखी, मुदतबंद संमतीशिवाय तिची ओळख पटेल अशी माहिती देण्याची बंदी आहे. तुमच्या भागात कायदा इतका स्पष्ट नसला, तरी गटाचा नियम असा असू शकतो.

अपवाद असतात. मुलाच्या जिवाला धोका असेल किंवा खून होण्याची खरी शक्यता दिसत असेल, तर काही यंत्रणांना संमतीशिवाय कळवणं भाग असतं. कुठे, कसं, हे तुमच्या भागातल्या कायद्याच्या जाणकाराकडून आधीच लिहून घ्या. आणि बाईला हे पहिल्याच भेटीत सांगा. तिने सगळं सांगून टाकल्यावर "हे मला कळवावं लागेल" असं म्हणणं म्हणजे विश्वासघात.

रोजच्या वागण्यातही खबरदारी लागते. फोन करण्याआधी कोणती वेळ सुरक्षित, कोणता नंबर सुरक्षित, हे तिला विचारा. निरोप ठेवायचा तर संस्थेचं नाव घेऊ नका. घरी पत्र नको. तिचा फोन तो तपासतो, असं धरूनच चाला.

सहावी पायरी: जीव जाण्याचा धोका वेगळा ओळखा

सगळ्या केसना सारखाच वेळ देता येत नाही, आणि द्यायची गरजही नसते. पण कोणती केस खुनापर्यंत जाऊ शकते हे अंदाजाने ठरवू नये. अमेरिकेतल्या परिचारिका आणि संशोधक जॅकलिन कॅम्पबेल यांनी १९८०च्या दशकात यासाठी प्रश्नावली तयार केली. तिची आजची आवृत्ती २० प्रश्नांची आहे. मारहाण वाढत चालली आहे का, त्याच्याकडे बंदूक आहे का, गळा दाबला आहे का, जबरदस्तीने संबंध ठेवतो का, गरोदर असताना मारलं का, मारून टाकीन म्हणाला आहे का, तिने नुकतंच घर सोडलं आहे का, आणि तो आपल्याला खरंच मारू शकेल असं तिला वाटतं का.

गळा दाबल्याची खूण दिसली नाही म्हणून विषय सोडू नका. सॅन डिएगो शहरात अशा ३०० प्रकरणांचा अभ्यास झाला, त्यात निम्म्या बायकांच्या अंगावर बाहेरून काहीही खूण दिसली नव्हती. दुसऱ्या एका अभ्यासात, जोडीदाराने पूर्वी गळा दाबलेल्या बाईचा पुढे त्याच्या हातून खून होण्याची शक्यता सातपटीहून जास्त दिसली. आवाज बसणं, गिळताना दुखणं, डोळ्यांत लाल ठिपके, क्षणभर शुद्ध हरपणं, कपड्यांत लघवी होणं, हे सगळं विचारा आणि तिला लगेच डॉक्टरकडे न्या. आतली इजा काही तासांनी किंवा काही दिवसांनीही जीवघेणी ठरू शकते.

या माहितीचा उपयोग कसा करायचा याची दोन उदाहरणं पाहा. मेरीलँड राज्यात २००५ पासून पोलीस घटनास्थळीच ११ प्रश्न विचारतात. उत्तरं धोक्याची आली तर तिथूनच मदतवाहिनीला फोन लावतात आणि बाईला कार्यकर्तीशी बोलायचं आहे का, असं विचारतात. वेल्समधल्या कार्डिफ शहरात २००३ मध्ये वेगळी पद्धत सुरू झाली: सर्वाधिक धोक्यातल्या केसवर पोलीस, आरोग्य, घरकुल, बालकल्याण, महिला संस्था ठरावीक दिवशी एकत्र बसतात, प्रत्येक जण आपल्याकडची माहिती मांडतो आणि लगेच कामं वाटून घेतात. कुलूप बदलणं, शाळेला सावध करणं, जामिनाची अट बदलून मागणं. ही पद्धत पुढे देशभर पसरली. बाई स्वतः त्या बैठकीला बसत नाही. तिच्या बाजूने एक स्वतंत्र कार्यकर्ती बसते, तिला काय हवं ते आधी विचारून येते आणि नंतर काय ठरलं ते सांगते. ही कार्यकर्ती नसेल तर अशी बैठक भरवू नका. तिच्याविना ती बाईच्या पाठीमागे बाईबद्दल घेतलेल्या निर्णयांची बैठक होते.

प्रश्नावलीचे गुण कमी आले तरी बाई म्हणत असेल की तो मला मारणार आहे, तर ती सर्वाधिक धोक्याचीच केस धरा. उलट अनेक बायका धोका कमी लेखतात, म्हणून "ती म्हणते ठीक आहे" एवढ्यावर फाइल बंद करू नका.

सातवी पायरी: समेटाच्या मोहापासून दूर राहा

सगळीकडे, प्रत्येक समाजात, कोणीतरी वडीलधारं माणूस म्हणतं, दोघांना समोरासमोर बसवू, मिटवून टाकू. गटातलेच सदस्य म्हणतात. हे नको. समोरासमोर बसवण्यासाठी दोघं सारख्या पातळीवर असावे लागतात. जी घाबरलेली आहे ती त्याच्यासमोर खरं बोलू शकत नाही, आणि बोललीच तर घरी गेल्यावर त्याची किंमत मोजते. हिंसा आणि भीती असेपर्यंत जोडप्याचं एकत्र समुपदेशन नाही, हा गटाचा नियमच करा. तिला नातं टिकवायचं असेल तर तो तिचा निर्णय. तेव्हाही तिच्याशी वेगळं बोला, तिचा सुरक्षितता आराखडा, म्हणजे धोका वाढला तर ती काय करेल, कुठे जाईल याची आखणी, वेगळा करा.

मारणाऱ्या पुरुषांसाठी कार्यक्रम असावेत का? असावेत, पण त्यांच्याकडून चमत्काराची अपेक्षा नको. अशा कार्यक्रमांच्या परिणामांबद्दलचे अभ्यास संमिश्र आहेत. ते चालवायचे तर बाईशी स्वतंत्र संपर्क ठेवणारी कार्यकर्ती हवी, आणि तो वर्गाला आला नाही किंवा पुन्हा मारलं तर न्यायालयापर्यंत ती गोष्ट त्वरित गेली पाहिजे. तो वर्गाला जातो म्हणून ती निर्धास्त झाली आणि यंत्रणाही निवांत झाली, तर तिचा धोका उलट वाढतो.

वस्ती, शेजार, शाळा, दवाखाना

बहुतेक बायका आधी यंत्रणेकडे जात नाहीत. मैत्रीण, बहीण, शेजारीण, कामावरची सहकारी यांच्याकडे जातात. म्हणून गटाचं प्रशिक्षण फक्त अधिकाऱ्यांपुरतं ठेवू नका. शेजाऱ्याला काय करता येतं? आवाज आला की काहीतरी निमित्त काढून बेल वाजवणं, पोलिसांना फोन करणं, आणि नंतर ती एकटी भेटली की "तुझी काळजी वाटते, हवं तेव्हा माझ्याकडे ये" एवढं म्हणणं. पुरावे मागू नयेत, निर्णय सुचवू नयेत, आणि ती परत त्याच्याकडे गेली तर तोंड फिरवू नये.

डॉक्टर आणि परिचारिकांसाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचना आहेत: ऐका, तिच्या गरजा विचारा, तिच्यावर विश्वास असल्याचं सांगा, सुरक्षितता वाढवा, आधाराशी जोडून द्या. खासगी जागा, प्रशिक्षण आणि पुढे पाठवायची सोय नसताना सरसकट प्रत्येकीला विचारायला सुरुवात करू नये.

लोकांची मनं बदलण्यावर मोठ्या प्रमाणात काम करायचं असेल तर युगांडातल्या "सासा!" या उपक्रमाकडे पाहा. कंपालात स्थानिक स्त्री-पुरुषांनीच शेजाऱ्यांशी काही वर्षं सत्तेबद्दल गप्पा चालवल्या: कोणाकडे असते, कशी वापरतात, दोघांत कशी वाटता येते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, उपक्रम झालेल्या वस्त्यांमध्ये आधीच्या वर्षभरात जोडीदाराकडून शारीरिक हिंसा झाल्याचं सांगणाऱ्या बायकांचं प्रमाण इतर वस्त्यांपेक्षा ५२ टक्क्यांनी कमी दिसलं. वस्त्या फक्त आठ होत्या, त्यामुळे हा आकडा सावधपणे वापरावा. पण एका दिवसाची फेरी आणि काही वर्षांचा संवाद यांत किती अंतर आहे हे त्यातून कळतं.

काय मोजायचं

पहिल्या वर्षी तक्रारी वाढल्या तर घाबरू नका. बायकांचा यंत्रणेवर विश्वास वाढल्याचंही ते लक्षण असू शकतं. वरिष्ठांना आणि पैसे देणाऱ्यांना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर पहिल्याच अहवालावर गट अडचणीत येतो.

बैठका आणि उपस्थिती मोजून काहीच कळत नाही. हे मोजा: फोनपासून पोलीस पोचेपर्यंत किती वेळ लागला, त्याला तिच्यापासून दूर ठेवणारा न्यायालयाचा संरक्षण आदेश मिळायला किती दिवस गेले, आदेश मोडल्यावर किती वेळा कारवाई झाली, एका बाईला आपली हकिकत किती जणांना सांगावी लागली. आणि बायकांना विचारा: आता जास्त सुरक्षित वाटतं का, पुन्हा गरज पडली तर इथे याल का. हे विचारणारी व्यक्ती त्यांची केस हाताळणारी नसावी.

अमेरिकेत अनेक ठिकाणच्या समन्वय गटांचं एकत्रित मूल्यमापन झालं, तेव्हा संपूर्ण समाजातलं हिंसेचं प्रमाण घटल्याचं दिसलं नाही. नव्या माणसाला हे वाचून निराशा येते. मला ती सूचना वाटते. गट आहे एवढ्याने काही बदलत नाही. कोणत्या कार्यालयात कोणता नियम बदलला, आणि तो रात्री दोन वाजता पाळला जातो का, यावर सगळं ठरतं.

खून झाला तर

गट कितीही चांगला असला तरी कधीतरी एखादी बाई मारली जाईल. त्या वेळी काय करायचं हे आधी ठरलेलं नसेल, तर यंत्रणा एकमेकांकडे बोट दाखवतात आणि गट तिथेच फुटतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०११ पासून अशा प्रत्येक मृत्यूनंतर आढावा घेणं कायद्याने बंधनकारक आहे. तुमच्याकडे तसा कायदा नसला तरी पद्धत उचलता येते. न्यायालयीन तपासाला धक्का न लावता, त्या बाईच्या शेवटच्या एक-दोन वर्षांचा कालपट मांडायचा: ती कुठे कुठे गेली, कोणाला काय म्हणाली, कोणी काय लिहिलं, कोणाला काय माहीत होतं आणि ते कोणापर्यंत पोचलं नाही. तिच्या आईवडिलांशी, बहिणीशी, मैत्रिणीशी बोलायचं. त्यांना बोलायचं असेल तरच, आणि त्यांच्या सोयीने. गट चालवणाऱ्या संस्थेने स्वतःचे कागदही तितक्याच उघडपणे समोर ठेवायचे. शिक्षा कोणाला हा प्रश्न या खोलीत घ्यायचा नाही, त्यासाठी वेगळ्या जागा आहेत. निघालेल्या प्रत्येक शिफारशीपुढे जबाबदार व्यक्तीचं पद आणि तारीख लिहायची, आणि सहा महिन्यांनी तीच यादी बैठकीत पहिला विषय म्हणून घ्यायची.